घरच्या इलेक्ट्रॉनिक लोडमध्ये मॉस्फेट का उडतात आणि बॅटरीची क्षमता कमी का भरते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही इलेक्ट्रॉनिक लोड बांधलाय, म्हणजे बॅटरीतून ठरलेला करंट ओढून तिची क्षमता मोजायचं सर्किट. एलएम३५८ ऑप-अँप (दोन व्होल्टेजची तुलना करणारी आयसी), आयआरएफझेड४४एन मॉस्फेट (गेटवरच्या व्होल्टेजनुसार ड्रेनपासून सोर्सपर्यंत करंट सोडणारा ट्रान्झिस्टर), त्याच्या सोर्सखाली ०.१ ओहम ५ वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर, करंट ठरवायला १० केचा (१० हजार ओहमचा) पॉट, म्हणजे फिरवायचा रेझिस्टर, आणि ऑप-अँपला १२ व्होल्टचा अडॅप्टर. सगळं ब्रेडबोर्डवर. तक्रारी चार आहेत. पॉट शून्यावर असतानाही ४० मिलिअँपिअर वाहतात. १८६५० लिथियम सेलवर लोड नीट चालतो, पण यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-अवर) बॅटरी लावली की वायरला हात लावल्यावरही करंट हलतो. २ अँपिअरवर दोन मॉस्फेट शॉर्ट होऊन गेले. आणि जी एक टेस्ट शेवटपर्यंत गेली, तीत बॅटरीची क्षमता फक्त ४.१ एएच भरली.

तुम्ही ऑप-अँप बदलून पाहिला, मॉस्फेट बदलला, आता सर्किटच दुसरं शोधताय. शोधू नका. सर्किट बरोबर आहे, जगभर लोक हेच बांधतात. दोष आहेत ते कागदावर न दिसणाऱ्या गोष्टींत: वायरींचा रेझिस्टन्स, मॉस्फेटची उष्णता आणि बॅटरी जोडण्याचा क्षण.

पार्ट बदलण्याआधी मल्टिमीटरने तीन व्होल्टेज मोजा. काळी प्रोब थेट ०.१ ओहमच्या खालच्या पायावर धरा. ब्रेडबोर्डच्या निळ्या पट्टीवर नको. आता ऑप-अँपची पिन ३ (पॉटकडून येणारं, मागितलेलं व्होल्टेज), पिन २ (०.१ ओहमवरून परत येणारं व्होल्टेज) आणि मॉस्फेटचं गेट (ऑप-अँपच्या आउटपुटला, म्हणजे पिन १ ला जोडलेलं). ऑप-अँपला काम एकच आहे, पिन २ ला पिन ३ च्या बरोबरीत आणून ठेवणं. दोन्ही काही मिलिव्होल्टच्या फरकात असतील तर लूप, म्हणजे ही बरोबरी राखणारी साखळी, ठीक आहे आणि दोष मोजण्यात किंवा वायरींत आहे. पिन ३चं व्होल्टेज जास्त, पिन २चं कमी आणि गेट १० व्होल्टच्या आसपास चिकटलेलं असेल, तर ऑप-अँप ओरडून करंट मागतोय पण तो मिळत नाहीये: बॅटरी बसली, कुठेतरी जोड सैल आहे, किंवा फ्यूज गेला. उलट पिन २चं व्होल्टेज जास्त, गेट जवळजवळ शून्यावर आणि तरी करंट वाहतोय, तर मॉस्फेट ड्रेन-सोर्स शॉर्ट आहे. लोड नीट चालत असताना आयआरएफझेड४४एनचं गेट १ ते २ अँपिअरला साधारण साडेतीन ते साडेचार व्होल्टवर दिसतं. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

जाता जाता एक. एलएम३५८चं आउटपुट सप्लायपेक्षा साधारण दीड व्होल्ट खालीच थांबतं. मोबाइलच्या चार्जरच्या ५ व्होल्टवर चालवला तर गेटला जेमतेम साडेतीन मिळतात, आणि आयआरएफझेड४४एनचं थ्रेशोल्डच (मॉस्फेट उघडायला लागतो ते गेट व्होल्टेज) २ ते ४ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतं. एकाचा लोड चालतो, तसाच दुसऱ्याचा चालत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. तुमचा १२ व्होल्टचा अडॅप्टर योग्य आहे. ऑप-अँपचा सप्लाय तपासायच्या बॅटरीवरूनच घेण्याचा मोह मात्र नको. १८६५० वर तर गेटला पुरेसं व्होल्टेजच मिळणार नाही.

आता पॉट शून्यावर असतानाचे ४० मिलिअँपिअर. ०.१ ओहमवर ४० मिलिअँपिअर म्हणजे ४ मिलिव्होल्ट. एलएम३५८चा इनपुट ऑफसेट (दोन इनपुटांची तुलना करताना होणारी त्याची स्वतःची चूक) सहसा २ मिलिव्होल्ट आणि जास्तीत जास्त ७ मिलिव्होल्ट असतो. म्हणजे तुमचा ऑप-अँप खराब नाही, तो असाच असतो. दुसरा लावला तर कदाचित ऑफसेट उलट बाजूचा निघेल आणि पॉट थोडा फिरवेपर्यंत करंट सुरूच होणार नाही. टेस्टच्या आकड्यात ४० मिलिअँपिअरने फारसा फरक पडत नाही, पण टेस्ट संपल्यावर बॅटरी रात्रभर लोडला तशीच राहिली तर २४ तासांत जवळपास १ एएच निघून जाईल. लेड-ॲसिड हे एखादवेळ सोसेल. आधीच ३ व्होल्टवर आणलेला १८६५० सेल मात्र सकाळी कामातून गेलेला असेल.

उपाय स्वस्त आहे. सोर्सपासून पिन २ ला थेट वायर न जोडता मध्ये १ केचा रेझिस्टर घाला. मग २.५ व्होल्टच्या रेफरन्सवरून (स्थिर व्होल्टेज, ते कसं करायचं ते पुढे सांगतो) ४७० केचा रेझिस्टर पिन २ वर आणा. त्यामुळे पिन २ कायम सुमारे ५ मिलिव्होल्ट वर ढकलली जाते आणि पॉट शून्यावर आला की मॉस्फेट खरोखर बंद होतो. तुमच्या ऑप-अँपचा ऑफसेट ७ च्या जवळ निघाला तर ४७० केऐवजी ३३० के. तेवढ्याने पॉटचा आकडा थोडा सरकेल, पण करंट पॉटच्या खुणेवरून वाचायचाच नसतो, ०.१ ओहमवरच्या व्होल्टेजवरून वाचायचा असतो. हे नको असेल तर एलटी१०१३ लावा. पाय एलएम३५८सारखेच आणि ऑफसेट बराच कमी, फक्त किंमत जास्त.

रेफरन्सचा विषय निघालाच आहे. पॉटचं वरचं टोक तुम्ही सरळ अडॅप्टरच्या १२ व्होल्टला जोडलंय असं वर्णनावरून दिसतं. त्यामुळे अडॅप्टरच्या व्होल्टेजमधला सगळा गोंगाट करंटमध्ये उतरतो. शिवाय पॉट पूर्ण फिरवला तर सर्किट १२० अँपिअर मागेल, म्हणजे तुमच्या कामाचे २ अँपिअर पॉटच्या पहिल्या चार-पाच अंशांत येतात. टीएल४३१ या रेफरन्स आयसीने स्थिर २.५ व्होल्ट करा, त्यानंतर १०० केचा रेझिस्टर आणि मग १० केचा पॉट. पूर्ण फिरवल्यावर ०.२३ व्होल्ट, म्हणजे २.३ अँपिअर. पॉटच्या मधल्या पायावरून ग्राउंडला १ मेगओहम टाका. स्वस्त पॉटचा वायपर (मधल्या पायाचा सरकता संपर्क) मधेच उचलला जातो, पिन ३ हवेत लोंबकळते आणि ऑप-अँप काय वाटेल तो करंट मागतो. एलएम३५८चा दुसरा अर्धा भाग मोकळा सोडू नका. पिन ६ आणि ७ एकमेकांना जोडा, पिन ५ ग्राउंडला.

हात लावला की करंट हलतो, हे ऑसिलेशनचं, म्हणजे सर्किट आपोआप वेगाने वरखाली होत असल्याचं लक्षण आहे. मॉस्फेटच्या गेटला दीड नॅनोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स असतो आणि एलएम३५८ला तो थेट ढकलायला आवडत नाही. त्यात १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी तुम्ही मीटरभर लांबीच्या दोन वायरी वापरल्यात. मीटरभर वायरीला साधारण १ मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो, म्हणजे ऑसिलेशनला लागणारं सगळं साहित्य हजर. सेलच्या होल्डरच्या वायरी बोटभर असतात, म्हणून तिथे त्रास दिसला नाही.

साधा पिवळा मल्टिमीटर इथे उपयोगी नाही. त्याची सर्वांत लहान एसी रेंज बहुधा २०० व्होल्टची असते, आणि डीसीवर तो सरासरी दाखवून सगळं आलबेल असल्याचं भासवतो. ऑसिलोस्कोप नसेल तर दोन युक्त्या. एक: मीडियम वेव्हचा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या जागेवर लावून लोडजवळ धरा. पॉट फिरवताना एखाद्या बिंदूपासून शिट्टी किंवा घरघर सुरू झाली आणि पॉटबरोबर तिचा सूर बदलत गेला, तर सर्किट बोंबलतंय. अडॅप्टरचा स्वतःचा गोंगाटही ऐकू येईल, पण तो पॉट फिरवल्याने बदलत नाही. दोन: गेटला १एन४१४८ डायोडचा ॲनोड जोडा, कॅथोडवरून ग्राउंडला १०० नॅनोफॅरड, आणि त्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज मोजा. डायोडचे अर्धा-पाऊण व्होल्ट धरूनही ते गेटच्या साध्या रीडिंगपेक्षा बरंच जास्त आलं, समजा गेटवर ३.९ आणि इथे ७, तर गेट वरखाली उड्या मारतंय.

बरं करायला तीन पार्ट लागतात. ऑप-अँपचं आउटपुट आणि गेट यांच्यामध्ये १०० ओहम, गेटच्या पायाला चिकटून. सोर्स आणि पिन २ यांच्यामधला १ के वर सांगितलाच. आणि पिन १ ते पिन २ मध्ये १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर. त्याने लोड मंद होतो, पण बॅटरीची क्षमता मोजायला वेग हवाय कुणाला? बॅटरीच्या दोन्ही वायरी एकमेकींत पिळून घ्या आणि लोडच्या टर्मिनलवर १० ओहम व १ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये आडवे टाका. एवढं करूनही आवाज येत असेल तर १० नॅनोचे २२ करून पाहा.

मग ब्रेडबोर्ड. कंट्रोलचा भाग ब्रेडबोर्डवर राहिला तरी चालेल, पण बॅटरी प्लस, ड्रेन, सोर्स, ०.१ ओहम, बॅटरी मायनस ही जाड वाट त्यावरून कधीच नेऊ नका. त्याच्या एका-एका क्लिपमध्ये दहा-वीस मिलिओहम सहज जातात. ०.१ ओहम म्हणजे फक्त १०० मिलिओहम. त्यात २० मिलिओहमची भर पडली की मोजमाप २० टक्के चुकलं. ही वाट जाड वायरीने सोल्डर करा. पॉटचं ग्राउंड, टीएल४३१चं ग्राउंड आणि ऑप-अँपची पिन ४ या सगळ्या ०.१ ओहमच्या खालच्या पायावर एकाच बिंदूला आणा, आणि पिन २ कडे जाणारी बारीक वायर वरच्या पायाच्या अगदी बुडाशी. आर्डुइनोने लॉगिंग करत असाल तर त्याचं ग्राउंडही त्याच बिंदूला.

आता मॉस्फेट का गेले. दुकानदाराने ‘साहेब, ४९ अँपिअरचा आहे’ असं सांगितलं असेल. खरं आहे, डेटाशीटमध्ये ४९ अँपिअर, ५५ व्होल्ट, ९४ वॉट लिहिलेलं असतं. पण ते ९४ वॉट मॉस्फेटची केस (बाहेरचं आवरण) २५ अंशावर धरून, म्हणजे प्रत्यक्षात कधीच न मिळणाऱ्या परिस्थितीत. इन्व्हर्टरमध्ये हाच मॉस्फेट स्विच म्हणून चालतो, पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, म्हणून तापत नाही. तुमच्या लोडमध्ये तो हीटर आहे. बॅटरीतून निघणारी जवळपास सगळी ऊर्जा त्याच्यातच उष्णता होते.

हिशोब करू. १२.६ व्होल्ट गुणिले २ अँपिअर, २५ वॉट. सिलिकॉनपासून केसपर्यंत दर वॉटला १.५ अंश, इन्सुलेशनचं अभ्रक आणि हीटसिंकची पेस्ट मिळून साधारण १ अंश, आणि तुम्ही लावलाय तसला साधा हीटसिंक ३ अंश तरी. बेरीज साडेपाच. २५ वॉटला जवळपास १३८ अंशांची वाढ. जानेवारीत खोली २० अंशांवर असेल तर सिलिकॉन १५८ वर, म्हणजे १७५ च्या मर्यादेत कसंबसं. विदर्भात मे महिन्यात पत्र्याखाली ४५ असेल तर १८३, आणि मॉस्फेट गेला. हिवाळ्यात चाललेला लोड उन्हाळ्यात उडतो तो असा. १८६५० वर २ अँपिअरला ८ वॉटच असतात, म्हणून तिथे काही झालं नाही.

याच्या जोडीला एक वाकडी गोष्ट आहे. मॉस्फेट तापला की त्याच करंटला गेटचं व्होल्टेज हळूहळू उतरतं. तुम्ही लिहून ठेवलेला आकडा आणि दहा मिनिटांनंतरचा आकडा ताडून पाहा, दिसेल. म्हणजे गरम मॉस्फेट त्याच गेट व्होल्टेजला जास्त करंट देतो. एका मॉस्फेटच्या आत हजारो छोटे मॉस्फेट समांतर असतात. त्यांतला एखादा थोडा जास्त तापला की तो जास्त करंट ओढतो, म्हणून आणखी तापतो, आणि एका ठिपक्यात सिलिकॉन जळतं, केस हाताला फार गरम न लागताही. याला स्पिरिटो इफेक्ट म्हणतात. स्विचिंगसाठी केलेल्या बऱ्याच मॉस्फेटच्या डेटाशीटमध्ये सेफ ऑपरेटिंग एरियाच्या (किती व्होल्ट-अँपिअर किती वेळ सोसेल त्याच्या) आलेखावर १० मिलिसेकंदांपर्यंतच्या रेषा असतात, सलग डीसीची रेषाच नसते. ती नसेल तर कंपनी त्या वापराची हमी देत नाही, एवढंच समजायचं. माझा बेत असा असतो: टीओ-२२० आकाराच्या (तुमचा आहे तसल्या) मॉस्फेटवर सलग १५ वॉटच्या वर जायचं नाही.

तुमच्या बाबतीत सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे बॅटरीच्या प्लस वायरीत ३.३ ओहम २५ वॉटचा रेझिस्टर सिरीजमध्ये. २ अँपिअरला तो १३ वॉट स्वतः खातो आणि मॉस्फेटवर साडेअकराच्या आसपास उरतात. बॅटरी १०.५ वर आली तरी मॉस्फेटला पुरेसे व्होल्ट शिल्लक राहतात. सेल तपासताना तो स्विचने बायपास करा. हा रेझिस्टर भयंकर तापेल, ब्रेडबोर्डपासून आणि प्लास्टिकच्या डब्यापासून दूर ठेवा. दुसरा मार्ग, जुन्या डेस्कटॉप कॉम्प्युटरचा प्रोसेसर कूलर, पंख्यासकट. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या गल्ल्यांत मिळेल, भंगारवाल्याकडे त्याहून स्वस्त. पंखा चालू असताना हीटसिंकचे ३ अंश अर्ध्या अंशाच्या आसपास येतात आणि वरचा १८३ चा आकडा १२० वर उतरतो. दोन्ही उपाय एकत्र केलेत तर उत्तम. नुसते दोन मॉस्फेट समांतर जोडणं मात्र टाळा. ज्याचं थ्रेशोल्ड कमी तो सगळा भार घेतो. दोन हवेच असतील तर दुसऱ्याला वेगळा ०.१ ओहम आणि एलएम३५८चा मोकळा अर्धा भाग द्या.

मॉस्फेटचा पत्रा म्हणजे ड्रेन, म्हणजेच बॅटरीचा प्लस. अभ्रक आणि स्क्रूचं प्लास्टिक बुश नसेल तर हीटसिंक जिवंत असतो आणि कूलरचा पाय कशालाही टेकला की शॉर्ट.

तुमचा दुसरा मॉस्फेट लावल्या क्षणीच गेला, आणि बॅटरीची क्लिप लावताना मोठी ठिणगी उडाली असं तुम्ही लिहिलंय. तो उष्णतेने गेलेला नाही. अडॅप्टर चालू आहे, पॉट २ अँपिअरवर आहे आणि बॅटरी अजून लावलेली नाही, अशी स्थिती डोळ्यांसमोर आणा. करंट नाही, म्हणून ऑप-अँप गेटला १० व्होल्टपर्यंत नेऊन मॉस्फेट सताड उघडून बसलाय. त्या क्षणी तुम्ही क्लिप लावता. ०.१ ओहम आणि वायरी एवढाच अडसर, त्यामुळे डझनावारी अँपिअर धावतात. एलएम३५८ची चाल मायक्रोसेकंदाला अर्ध्या व्होल्टहूनही मंद, आणि आपण १० नॅनोचा कपॅसिटर लावून ती आणखी मंद केली. नियम सोपा आहे: पॉट शून्यावर, मग बॅटरी, मग हळूहळू करंट. वरचा ४७० केचा रेझिस्टर इथेही उपयोगी पडतो, कारण त्याच्यामुळे शून्यावर गेट खरोखर खाली येतं. पॉटच्या मधल्या पायावरून ग्राउंडला एक साधा स्विच टाकलात तर पॉटला हात न लावता लोड बंद करता येईल.

पुढच्या वेळी बॅटरी लावण्याआधी प्लस वायरीत, बॅटरीच्या अगदी जवळ, गाडीतला ५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज घाला. मॉस्फेट बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच मरतो. त्यानंतर ७ एएचची छोटी बॅटरीसुद्धा त्या ५ वॉटच्या सिमेंट रेझिस्टरमधून ८०-९० अँपिअर ढकलू शकते आणि रेझिस्टर फुटतो. लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेल्या सुट्या सेलला स्वतःचं संरक्षण नसतं, तिथे तर फ्यूज हवाच.

राहिली क्षमता. ७ एएच हा आकडा २० तासांच्या डिस्चार्जचा आहे: ०.३५ अँपिअरने, १०.५ व्होल्टपर्यंत. तुम्ही २ अँपिअर काढलेत. जर्मनीच्या विल्हेल्म पॉयकर्टने १८९७ मध्ये दाखवलेलं गणित इथे लागू होतं: करंट वाढला की बॅटरी हाती देते ते एएच कमी होतात. अशा सीलबंद बॅटरीला त्या गणितातला घातांक १.२ धरला तर ७ एएचची नवी बॅटरीही २ अँपिअरला ५ एएचच्या आसपासच देईल. म्हणजे तुमचे ४.१ हे सातातले नाहीत, पाचातले आहेत. साधारण ८० टक्क्यांखाली गेलेली बॅटरी बदलायची असा प्रघात आहे; तुमची अजून काठावर, पण आत आहे.

आणि ते ४.१ सुद्धा खात्रीचे नाहीत. कट-ऑफचे (टेस्ट थांबवायचे) १०.५ व्होल्ट तुम्ही लोडच्या टर्मिनलवर मोजले. मधे मीटरभर दोन वायरी, क्रोकोडाइल क्लिप आणि सिरीजमध्ये मल्टिमीटर. मीटरच्या १० अँपिअरच्या वाटेत त्याच्या बारीक प्रोबसकट ५०-१०० मिलिओहम सहज असतात. सगळं मिळून १५० मिलिओहम धरले तर २ अँपिअरला ०.३ व्होल्ट वाटेतच पडले, म्हणजे बॅटरी १०.८ वर असतानाच तुम्ही टेस्ट थांबवली. व्होल्टेज मोजायला दोन वेगळ्या बारीक वायरी थेट बॅटरीच्या पात्यांवरून आणा आणि मीटर सिरीजमधून काढून टाका. सेलच्या स्प्रिंगच्या होल्डरलाही हेच लागू, तिथेही बारीक वायरी सेलच्या टोकांवरून.

मीटर काढण्याआधी एकदाच १ अँपिअरला त्याचं रीडिंग ०.१ ओहमवरच्या मिलिव्होल्टशी ताडून घ्या. सिमेंट रेझिस्टरच्या अंगावर किमतीनंतर इंग्रजी जे असेल तर ५ टक्के इकडेतिकडे, के असेल तर १० टक्के. तुमचा १०० मिलिओहमचा आहे की १०६ चा, ते कळेल, आणि पुढे तोच आकडा धरून हिशोब करायचा.

टेस्टआधी बॅटरी १४.४ ते १४.७ व्होल्टवर पूर्ण चार्ज करून तासभर मोकळी ठेवा. यूपीएसमधून काढून तशीच लावली असेल तर ती १३.५ व्होल्टच्या फ्लोटवर (सतत लावून ठेवायच्या हलक्या चार्जवर) होती, आणि तिथून मोजली तर क्षमता थोडी कमीच भरते. मग ०.७ अँपिअरने, म्हणजे दहा तासांच्या बेतात, टेस्ट करा. सिरीज रेझिस्टर नसला तरी मॉस्फेटवर ९ वॉटच येतील.

हे सगळं जोडून झालं की ०.५, १ आणि २ अँपिअरला पिन ३, पिन २, गेट आणि डायोडच्या युक्तीचं व्होल्टेज असे चार-चार आकडे, आणि २ अँपिअरवर दहा मिनिटांनंतरचा गेटचा आकडा लिहून पाठवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.